बेलीफकाकांची कोरडी अर्थिंग

समोरचा माणूस शंभर टक्के खरं बोलत असतानाही त्याची गचांडी धरावी, असं तुम्हाला कधी वाटलंय का? मला वाटलंय. अंबडला मी दोन वर्षं ज्यांच्या माडीवर भाड्याने राहिले, त्या बेलीफकाकांच्या बाबतीत जवळपास रोज वाटायचं.

त्यांचं नाव वेगळं होतं. पण कोर्टात उभा जन्म बेलीफ म्हणून काढलेला, समन्स बजावलेले, जप्त्या केलेल्या, लोकांच्या घरांचे ताबे दिलेले, त्यामुळे गल्ली त्यांना बेलीफकाकाच म्हणायची. काकू पुण्याला मुलाकडे नातवाला सांभाळायला गेलेल्या. घरात काका, त्यांचा हौशी रेडिओ आणि गच्चीवरची तार.

ही तार म्हणजे त्यांचा अँटेना. गच्चीच्या दोन टोकांना दोन लोखंडी पाइप, त्यांच्यामध्ये वीस मीटर तांब्याची तार, तारेच्या बरोबर मधून खाली खोलीत रेडिओपर्यंत उतरलेली जाड काळी केबल. रीतसर परीक्षा देऊन त्यांनी सरकारी परवाना काढला होता. तो फ्रेममध्ये, देवांच्या फोटोंच्या रांगेत. रोज सकाळी ते माइक हातात घेऊन हवेत हाका मारायचे आणि कुठून तरी, कधी केरळातून, कधी राजस्थानातून, कोणीतरी ओ द्यायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी थरारले. मधे कंपनी नाही, बिल नाही, मालक नाही. एक माणूस दुसऱ्या माणसाशी थेट बोलतोय! मी पत्रकं वाचत वाढलेली मुलगी. आमच्या घरी वडील पत्रकं छापायचे आणि आम्ही भावंडं ती वाटायचो. मला वाटलं, हे तर क्रांतीचं साधन आहे.

मग मी त्यांचं बोलणं नीट ऐकलं.

"तुमची तार किती फुटावर हाय?"

"पैंतीस फीट, भाईसाब. आपकी?"

"आमची अठ्ठावीस. उत्तर-दक्षिण हाय का पूरब-पश्चिम?"

बस. हजार मैल ओलांडून माणसं एकमेकांना गाठणार आणि तारेची उंची विचारणार. मी एकदा न राहवून म्हटलं, "काका, त्या माणसाला त्याच्या गावचं काहीतरी विचारा की. लोक कसे जगतात, शेतात काय पिकतं."

काका म्हणाले, "त्यासाठी आधी आवाज साफ यायला पायजे, मॅडम. तार बराबर पायजे."

तार मात्र कधीच बराबर नसायची. थंडीत आखडायची, उन्हात सैल पडायची, शेजारी कोणी पत्रा टाकला की बिघडायची. मग रविवारी सकाळी साडेसातला माझ्या दारावर थाप. "मॅडम, जरा गच्चीवर येता का? दोन मिनिटाचं काम हाय."

दोन मिनिटांचं काम साडेदहापर्यंत चालायचं. तार खाली घ्यायची, टोकाची बोटभर कापायची, पुन्हा वर ओढायची. काका धावत खाली रेडिओपाशी जाऊन मीटर बघणार (आकडा एकाच्या जितका जवळ, तितकी तार बराबर), जिन्यातून ओरडणार, "दीड!" पुन्हा तार खाली, पुन्हा बोटभर. "एक पॉइंट चार!" मी म्हणायचे, "एकदम हातभर कापून टाकू ना!" ते असं बघायचे, जणू मी कोणाचा गळाच कापायला निघाले आहे. "कापलेली तार वाढत न्हाई, मॅडम." आणि माझे कपडे? गच्चीवर तीच एक दोरीसारखी गोष्ट. एकदा घाईत ओढणी वाळत टाकली, तर संध्याकाळी तारेवर पुठ्ठा लटकलेला होता: "ही दोरी नाही."

पण हे सगळं मी सोसलं असतं. सोसवेनात ते पंचनामे.

काका आपल्या तारेचा पंचनामा करायचे. खरोखरचा. लांब कागद, डावीकडे समास सोडलेला, वळणदार अक्षर. "आज रोजी सकाळी आम्ही खाली सही करणार पंच समक्ष हजर राहून पाहिले की, पूर्वेकडील तारेची लांबी दहा मीटर चार सेंटिमीटर भरली. तार ताणलेली असून गाठ सुस्थितीत आढळून आली." खाली दोन पंचांच्या सह्या. एक पंच मी. दुसऱ्या पंच शेजारच्या भाभी.

भाभींचं घराणं मूळचं राजस्थानचं, पण तीन पिढ्या अंबडातच गेलेल्या. बाजारात कापडाचं दुकान. भाभी दुपारी घरी गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायच्या. तोंडाने तिखट, हाताने उदार. सही करताना प्रत्येक वेळी म्हणायच्या, "बेलीफसाहेब, आता काय जप्त करून राह्यले? आकाश?"

काकांचा एकच नियम. "डोळ्यानं पाह्यलं ते लिहायचं. मनातलं लिहायचं न्हाई. निकाल देणं पंचाचं काम न्हाई." हे माझ्याकडे बघून म्हणायचे, कारण मी अजूनही काढायचे ती पत्रकं ते वाचत.

दुसरं वाक्य: "तार जितकी उंच, तितकं खाली खोल जायला पायजे." म्हणजे अर्थिंग. माझ्या पहिल्याच महिन्यात त्यांनी अंगणात पुरुष बुडेल एवढा खड्डा खणून घेतला. तळाला तांब्याची प्लेट, तिच्यापासून वर येणारी जाड पट्टी, मग एक थर लोणारी कोळशाचा, एक थर खड्याच्या मिठाचा, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ. खणणारा माणूस मोकळा सापडला तो नेमका अमावास्येला. झालं! अमावास्या, काळा कोळसा, मीठ, तांबं. गल्लीत कुजबुज सुरू झाली की बेलीफाने करणी केली. दुसऱ्या दिवशी खड्ड्यावर कोणीतरी लिंबू-मिरची ठेवून गेलं. मी तावातावाने घरोघर जाऊन जमिनीत वीज कशी मुरते ते समजावत होते, आणि मागे काका ओट्यावर बसून त्या लिंबाचं सरबत पीत होते. "चांगलं लिंबू हाय. वाया कशाला घालवायचं?"

याच वेळी त्यांनी टेस्टलॅम्प, म्हणजे दोन वायरी जोडलेला तपासणीचा दिवा, घेऊन माझी खोली आणि भाभींचं घर तपासलं. माझ्या खोलीत, म्हणजे त्यांच्या स्वतःच्याच घरात, माडी बांधताना वायरमनने अर्थिंगची तार भिंतीत खुपसून सोडून दिलेली. भाभींकडेही तेच. तीन पिनांचं सॉकेट, पण तिसरी पिन नुसती शोभेची. काकांनी स्वतःच्या खर्चाने पट्टी टाकून दोन्ही जोडण्या आपल्या खड्ड्याला आणून मिळवल्या. "आता तिन्ही कूलरची जबाबदारी ह्या खड्ड्याची," ते म्हणाले. "हा ओला पायजे. कोरडा पडला तर पत्र्याचा कूलर माणूस मारतो."

ओला पायजे. इथेच आमची जुंपली.

आमच्या गल्लीत नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं. बाया पहाटेपासून हंडे लावायच्या. आणि हा माणूस रोज सकाळी आंघोळ करून, ओल्या पंच्याने, तांब्याच्या लोट्याने, भरलेल्या दोन बादल्या पिण्याचं पाणी खड्ड्यात ओतायचा. तुळशीला घालावं तसं, हलक्या हाताने. मी एप्रिलपर्यंत दात आवळून बघितलं. मग एक दिवस समोरच्या घरची बाई टँकरच्या रांगेतून रिकामी कळशी घेऊन परत आली, आणि त्याच वेळी काका दुसरी बादली ओतत होते.

"काका, हे पाप आहे," मी म्हटलं.

"गरज हाय, मॅडम."

"कोणाची? तुमच्या रेडिओची?"

"सगळ्यांची."

एवढंच. पुढे स्पष्टीकरण नाही. मी खोलीत गेले आणि पत्रक लिहिलं. मथळा: "माणूस तहानलेला, जमीन तृप्त!" तीस झेरॉक्स काढल्या. भाभींच्या ओट्यावर गल्लीची बैठक बोलावली. भाभी तर आधीच चिडलेल्या, कारण उन्हाळा लागल्यापासून त्यांच्या कूलरचा फ्यूज दर दोन दिवसांनी उडायचा. "ही यांची तार जोडल्यापासून चालू झालं," त्या म्हणाल्या. "पहले तो कभी नहीं उडा. मागच्या साली कूलर मस्त चालत होता."

काका म्हणाले, "भाभी, कूलरची मोटर एकदा कोणाला दाखवा."

"मोटर चालू आहे ना? मंग दाखवायचं काय?"

सगळे हसले. मीही हसले. ठराव झाला: खड्ड्यात पाणी ओतणं बंद. मी काकांकडे वळून विचारलं, "तुमचं काही म्हणणं?"

मला वाद हवा होता. मी तयारीने आले होते. काका उठले आणि म्हणाले, "लिहून द्या."

ठराव लिहून दिला. त्यांनी तो चष्मा लावून वाचला, घडी करून खिशात ठेवला, आणि दुसऱ्या दिवसापासून एक थेंबसुद्धा ओतला नाही. संध्याकाळी मात्र पंचनामा आला. मी वर्ग घेऊन थकून आलेले, कॉलेजात तासिकेवर शिकवायचे, चार तास उभी. न वाचता सही केली. त्या कागदाच्या तिसऱ्या ओळीत काय होतं ते तुम्हाला आत्ताच सांगते, कारण मी तेव्हा वाचलं नाही: "पाणी बंद केल्याने अर्थिंग कोरडी पडून तिन्ही घरांतील कूलरला हात लावणाऱ्याच्या जिवास धोका संभवतो." खाली भाभींचीही न वाचता केलेली सही, आणि माझी सही. पत्रकं वाचत वाढलेल्या मुलीची.

मग एक चमत्कार झाला. भाभींचा फ्यूज उडायचा थांबला. आठ दिवस झाले, पंधरा झाले, कूलर दणक्यात चालू. भाभींनी मला बोलावून गुळाची पापडी दिली. "मॅडम, तुम्ही पाणी बंद केलं आणि फ्यूजची कटकट गेली बघा." मला तर पंखच फुटले. मी दुसरं पत्रक काढलं: "पाणीही वाचलं, फ्यूजही वाचला!"

काका दर तीन-चार दिवसांनी, जमीन विजेला किती अडवते ते मोजायचं मीटर घेऊन खड्ड्याशी बसायचे आणि मग माझ्या दारात. "मॅडम, रीडिंग वाढून राह्यलं. सही करा."

"वाढू द्या," मी म्हणायचे आणि सही करायचे.

त्यांनी स्वतःचा कूलर बंद केला होता. भर मे महिन्यात पुठ्ठ्याने वारा घेत बसायचे. मला वाटलं, रुसलेत. मला वाटलं, हा आपला निषेध चाललाय. मी मुद्दाम दुर्लक्ष केलं.

मेमधल्या एका रविवारी, दुपारी दोनच्या सुमाराला, मी जिना उतरत होते. काका खाली नुकत्याच पुसलेल्या फरशीवर अनवाणी बसून रेडिओवर कोणाला तरी तारेची उंची सांगत होते. अचानक "आयोऽऽ!" असा आवाज आला आणि माइक आपटला. काका बनियनवर, हात झटकत बाहेर पळत आले. रेडिओच्या लोखंडी पेटीने त्यांना झटका दिला होता. मी म्हटलं, "काय झालं?" त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भाभींच्या घराकडे धावत ओरडले, "भाभी! पाइप सोडा! कूलरला हात लावू नका!"

आतून भाभींचा आवाज आला, "काय म्हणून राह्यले?"

त्या दिवशी नळ आला होता. भाभी पाइपने कूलरमध्ये पाणी भरत होत्या, कूलर चालूच. मेन स्विच ओट्यावर. काकांनी त्या वयात ओट्यावर उडी घेतली आणि दांडा खाली ओढला. पण त्याआधीच आतून धप्प असा आवाज आला होता.

भाभी पाण्यात पडलेल्या. उजवा हात आखडलेला, डोळे उघडे, ओठ हलत होते पण शब्द फुटत नव्हता. बाजूला पाइप मोकळा वाहत होता. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. काका छाती चोळत होते, नाव घेऊन हाका मारत होते. कोणीतरी रिक्षा आणली.

भाभी वाचल्या. दोन दिवसांनी घरी आल्या. उजव्या हाताची दोन बोटं मात्र बधिर राहिली. सुई धरता येईना. शिवणाचं मशीन त्यांनी चादर टाकून झाकून ठेवलं.

झालं होतं ते असं. भाभींच्या कूलरच्या मोटरमधली वीज या उन्हाळ्याच्या सुरुवातीपासूनच पत्र्यात उतरत होती. खड्डा ओला होता तोवर ती वीज जमिनीत धावून जायची, आणि त्या ओढीने फ्यूज उडायचा. फ्यूज उडणं ही कटकट नव्हतीच. तो पहारेकरी ओरडत होता. आम्ही खड्डा कोरडा पाडून त्याचं तोंड बंद केलं, आणि शांतता झाली म्हणून पापडी वाटली. जमीन वीज घेईना, तेव्हा ती वीज पत्र्यातच थांबली आणि एकाच पट्टीला जोडलेल्या काकांच्या रेडिओतही पोचली. त्यांना आधी झटका बसला म्हणून मेन तरी वेळेत पडला.

भाभी घरी आल्याच्या संध्याकाळी मी काकांच्या खोलीत गेले. मला स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी भांडते.

"तुम्हाला माहीत होतं! मग बैठकीत बोलला का नाही?"

"लिहिलं होतं ना."

"कुठे?"

त्यांनी फाइल काढली. तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. मग माझ्या सहीवर.

"हे असं लिहितात? 'संभवतो'? 'भाभी, तुम्ही मराल' असं तोंडाने सांगता येत नव्हतं?"

"गल्लीचा हुकूम होता, मॅडम. हुकूम म्हणजे हुकूम. कोर्टात असताना किती घरांचे ताबे दिले. काही हुकूम चुकीचे होते, मला दिसत होतं. बेलीफानं हुकमावर बोलायचं नसतं. हरकत असेल तर कागदावर लिहायची."

"ते कोर्ट होतं! ही मी होते! झेरॉक्सच्या दुकानातून आलेली मुलगी! माझा कसला हुकूम?"

त्यांनी फाइल मिटली. मग म्हणाले, "तुमचं एक बराबर होतं. फ्यूज थांबला हे तुम्ही पाह्यलं ते लिहिलं. निकाल चुकला. पण मी तर माझाच नियम मोडला. मला वाटलं, भाभीनं मोटर दुरुस्त केली, म्हणून फ्यूज थांबला. जाऊन पाह्यलं न्हाई. मानलं."

हे ऐकून राग जायला हवा होता. गेला नाही. ज्याला कळतं त्याने कागदाआड लपणं, आणि जिला कळत नाही तिने ओट्यावर उभं राहून ठराव करणं, यात जास्त मोठा गुन्हेगार कोण, हे मला अजून ठरवता येत नाही. मी त्यांना तसं सांगितलंही. ते म्हणाले, "निकाल देणं आपलं काम न्हाई." मी दार आपटून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या आंघोळीचं पाणी बादलीत धरलं आणि खड्ड्याशी घेऊन गेले. काका आडवे आले.

"मोरीचं पाणी? अर्थिंगला? मॅडम, ती भूमाता हाय!"

मी बादली खाली ठेवली. म्हणजे इतके महिने हा माणूस पिण्याचं पाणी ओतत होता ते शास्त्र म्हणून नव्हे, तर सोवळं म्हणून! आणि मी, बाई, पाणी बंद करा म्हणून बोंबलले, पण 'कोणतं पाणी?' हा एक प्रश्न माझ्या तोंडून निघाला नाही. आम्ही तिथे तासभर भांडलो. जमिनीला साबण चालतो का, प्लेट खराब होईल का, नियमात कुठे लिहिलंय. शेवटी भाभी हाताला पट्टी बांधलेल्या अवस्थेत ओट्यावर आल्या.

"भैया, माझी दोन बोटं गेली. आता ते मोरीचं टाका नाहीतर गंगेचं टाका. पण टाका."

काकांनी स्वतः पाइप आणला आणि मोरीचं पाणी खड्ड्यात सोडलं. आठ दिवसांनी मीटर लावलं, तर रीडिंग पिण्याच्या पाण्यापेक्षाही चांगलं. त्यांना आनंद व्हावा की नाही? चेहरा पाडून पंचनामा लिहिला: "मोरीचे पाणी अर्थिंगला चालते असे आढळून आले." त्या दिवशी मी पहिल्यांदा कागद अथपासून इतिपर्यंत वाचला, मगच सही केली. भाभींनी डाव्या हाताने केली. त्यांच्या कूलरची मोटर बदलली होती, आणि नवी मोटर बसवताना काका समोर उभे राहून 'पाहत' होते, वायरमन वैतागेपर्यंत.

मी अंबड सोडून आता बरेच महिने झाले. काका मला अजून पंचनामे पाठवतात. पोस्टाने, परतीचं तिकीट लावून. मी लांब असले तरी पंच आहे म्हणे. मी फोन करून ओरडते, "समक्ष पाहिलं नाही तर सही कशी करू?" ते म्हणतात, "म्हणून तर या म्हणून राह्यलो."

मागच्या पाकिटात एक वेगळा कागद होता. टेस्टलॅम्प घेऊन ते गल्लीतल्या बाकीच्या घरांत फिरले होते. एकेक घर, एकेक ओळ, आणि बहुतेक ओळींच्या शेवटी तेच: "तिसऱ्या पिनेस जमीन आढळून आली नाही." घरोघर सांगितलं, कोणी ऐकलं नाही. खाली पेन्सिलने दोन वाक्यं: "मॅडम, पंचनामा कोणी वाचत न्हाई. तुमचं पत्रक काढा."

तर हे ते पत्रक. यंदा कूलर माळ्यावरून खाली काढाल, तेव्हा आधी एक करा. वायरमनला बोलवा. "अर्थिंग आहे का?" असं विचारू नका, तो "आहे" म्हणेल. त्याला दिवा लावून दाखवायला सांगा, आणि ती तार जमिनीत जिथे शिरते तिथपर्यंत त्याच्याबरोबर चालत जा. जागा कोरडी असेल तर आज आंघोळीचं पाणी तिथे ओता. फ्यूज वारंवार उडत असेल तर त्यात जाड तार घालू नका, मोटर दाखवा. आणि कूलरमध्ये पाणी भरण्याआधी पिन काढा, दर वेळी, कितीही उकडत असलं तरी. हे सगळं आधी स्वतःच्या घरी करा, मग शेजारच्या घरी जाऊन तोंडाने सांगा.